बारा, चौदा : ऊसतोडीवरून परतलेल्या मुलांचं शाळेत पुन्हा रुळणं

(प्रकरण खरं आहे. गाव, तांडा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. ज्या मुलीपासून हे सुरू झालं तिला घरी ज्या हाकेनं बोलावतात त्याच हाकेनं इथे लिहिते : धाकली. अशा धाकल्या प्रत्येक तांड्यात पाच-दहा सापडतील.)

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते पाचवी, पट सत्तरच्या आसपास, म्हणून शिक्षक तीन. पाचवी आणि शाळेचा कारभार गुरुजींकडे, म्हणजे आमच्या प्रभारी मुख्याध्यापकांकडे. पहिली-दुसरीला एक तरुण सर. तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. गावापासून दीड किलोमीटरवर बंजारा तांडा आहे आणि शाळेतली साधारण तिसरा हिस्सा मुलं तिथली. घरात गोरमाटी, शाळेत मराठी.

आमच्याकडे वर्ष दोन तुकड्यांचं असतं. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ पैसे) वाटतो, दिवाळी उरकली की कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, काही कर्नाटकात. परत येणं पाडव्यापासून आखाजीपर्यंत केव्हाही. घरी म्हातारं माणूस धडधाकट असेल तर लेकरं मागे राहतात, नसेल तर आईबापाबरोबर कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) जातात. तिथे आई फडात असताना धाकटं भावंड सांभाळणं, पाणी आणणं आणि वाढे (चाऱ्यासाठी विकायचे ऊसाचे हिरवे शेंडे) बांधणं ही त्यांची कामं.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरली पाहिजे. दिवाळीला गेलेलं आणि पाडव्याला परतलेलं लेकरू त्यातले निम्मे दिवस जेमतेम पाहतं. यातली एक गोष्ट आम्ही शिक्षक चारचौघांत बोलत नाही. शिक्षकांची पदं ठरवणारी संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते. तांडा तोवर घरीच असतो. त्यामुळे दिवाळीनंतर तिसरा हिस्सा वर्ग रिकामा झाला तरी कागदावर शाळेचं काही बिघडत नाही, आणि ज्याचं कागदावर बिघडत नाही त्याची घाई कुणालाच नसते. मलाही नव्हती.

2022-23 साली माझ्या तिसरीत सोळा मुलं होती, त्यातली सहा तांड्यावरची. या मुलांचं आणखी एक दुखणं होतं. त्यांची पहिली 2020-21 मध्ये झाली, म्हणजे झालीच नाही. कोरोनात शाळा बंद. दुसरीत अर्धं वर्ष, मग ऊस. तिसरीत आली तेव्हा त्यांनी शाळेत सलग घालवलेला काळ बघितला तर अंगणवाडीचाच जास्त भरला असता.

काय घडलं

त्या वर्षीचा गाळप हंगाम 15 ऑक्टोबरला सुरू झाला आणि दिवाळी 24 ऑक्टोबरला. सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा तांड्यावरची सहाच्या सहा मुलं गेलेली होती. हजेरीपटावर मी त्यांच्या नावांपुढे लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि ‘स्थ.’ लिहिलं. स्थलांतरित. सगळेच असं लिहितात.

हजेरी मी नंबरानं घ्यायचे. एक, हजर बाई. दोन, हजर बाई. पाच महिन्यांत ते सहा नंबर माझ्या तोंडातून गळून गेले. अकरा, बारा, चौदा. पायरी मोडकी असलेल्या जिन्यावरून माणूस जसं न बघता एक पायरी सोडून उतरतं, तशी माझी हजेरी चालायची.

मार्चमध्ये परतीची सुरुवात झाली. त्यातच 14 ते 20 मार्च जुन्या पेन्शनसाठीचा संप होता, शाळेला कुलूप. एक कुटुंब नेमकं त्याच आठवड्यात परतलं. लेकरं दप्तर घेऊन आली, कुलूप बघून गेली. 22 ला पाडवा झाला. त्यानंतरच्या सोमवारी धाकली वर्गात आली. केसांना तेल, कुणाचा तरी मोठा फ्रॉक, हातावर पाचटाचे ओरखडे. खिडकीजवळच्या तिच्या जुन्या जागेवर दुसरीच मुलगी बसत होती. धाकली दारात थोडी थांबली आणि मागे भिंतीशी जाऊन बसली. मी तिला बघितलं, हसले, “आलीस का गं?” असंही म्हणाले. मग हजेरी सुरू केली.

अकरा. हजर बाई. बारा. हजर बाई. चौदा.

तेरा नंबर तिचा. तिनं तोंड उघडलेलं मला दिसलं होतं, श्वास घेतलेला दिसला होता, आणि तरी माझी जीभ पुढे निघून गेली होती. चौदा नंबरचा पोरगा “हजर बाई” म्हणाला. पोरं हसली नाहीत, कारण चूक कुणाच्या लक्षातच आली नाही. मीही “अगं तेरा” म्हणून मागे वळले नाही. मनात म्हणाले, पट बघून खूण करू नंतर. खूण केलीही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शुक्रवारी शाळा सुटल्यावर तांड्यावर गेले. धाकली घरामागे शेळीला पाला टाकत होती, मला बघून आत पळाली. आजी ओट्यावर बसलेली. ती म्हणाली, “बाई, पोरगी म्हन्ती माझं नाव कटलंय. परत घालायला कागद लागत आसंल तर सांगा, ह्यो आधार हाय बगा.” आणि प्लास्टिकच्या पिशवीतून आधारकार्ड काढायला लागली.

त्या पिशवीत रेशनकार्डाच्या घडीत मला शिक्षण हमी कार्डही दिसलं, जातील तिथल्या शाळेत दाखवायला मीच दिवाळीआधी भरून दिलेलं. घडी अजून कडक होती. ते कुणी उघडलंही नव्हतं.

प्रश्न कोणता, यावरच वाद

धाकली सोमवारी परत आली. पण त्या वर्षी हातात दिवस राहिले नव्हते. उन्हाच्या कडाक्यामुळे 21 एप्रिलपासूनच सुट्टी लागली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही काय काय करणार होतो ते वहीतच राहिलं.

सुट्टीत आणि जूनमध्ये आम्ही तिघं यावर पुष्कळ बोललो, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा होता असं मला वाटतं, कारण प्रश्न कोणता हेच आमचं ठरत नव्हतं.

गुरुजींचं म्हणणं सरळ होतं : “बाई, लेकराला वाचता येत नाही म्हणून ते मागं बसतं. वाचता आलं की आपोआप पुढं येतं. बाकी लाडीगोडी.” त्यांची नोकरी तीस वर्षांची. ऊसतोडीची पोरं शिकून तलाठी-पोलीस झालेली त्यांनी पाहिली होती. त्यांच्या मते परतलेल्या मुलांचा वेगळा वर्ग काढावा, दोन महिने फक्त वाचन आणि बेरीज-वजाबाकी.

माझं म्हणणं याच्या उलट. मूल शाळा सोडतं ते ऊसाला जाताना सोडत नाही. जाताना तर ते बाईंना सांगून, मैत्रिणीला खोडरबर देऊन जातं. शाळा सुटते ती परत आल्यावरच्या पहिल्या आठवड्यात, जेव्हा त्याला कळतं की आपल्यावाचून इथे काही अडलं नव्हतं. वेगळा वर्ग काढला तर आपण तेच पाटीवर लिहून देऊ.

तरुण सर बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी त्यांच्या वर्गातली एक गोष्ट सांगितली. चित्रवाचनात बाईमाणसाचं चित्र दाखवलं. तांड्यावरचं एक लेकरू आनंदानं ओरडलं, “याडी!” सर म्हणाले, “चूक. आई.” लेकरू त्या दिवशी पुन्हा बोललं नाही. “मला तेव्हा काहीच वाटलं नाही,” सर म्हणाले, “आत्ता तुमचं तेरा-चौदा ऐकून आठवलं.”

आणखी एक गोष्ट आम्ही तिघांनी त्याच बोलण्यात पहिल्यांदा कबूल केली. खिचडी खाताना तांड्यावरची मुलं नळाजवळच्या भिंतीशी वेगळी ओळ करून बसायची. बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. बसू नका असंही कुणी सांगितलं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हंगामी वसतिगृहाचा. आईबाप ऊसाला गेल्यावर मुलं गावातच राहावीत म्हणून सरकारची ही सोय आहे. आमच्याकडे ती बहुतेक वेळा दोन वेळच्या जेवणाची सोय असते, मूल झोपायला आजीकडेच जातं. यादी आणि प्रस्ताव वेळेत द्यावे लागतात, किराणा आधी उधारीवर आणावा लागतो, अनुदान मागून येतं. ज्यांच्या घरी कुणी आहे त्यांच्यासाठी हा उत्तम मार्ग. धाकलीची आजी मोतीबिंदूनं अर्धी आंधळी झालेली. तिच्या भरवशावर पोरगी ठेवायला आई तयार नव्हती, आणि मी तिच्या जागी असते तर मीही नसते.

दुसरा, जिथे जातील तिथल्या शाळेत घालायचं. हमी कार्ड त्यासाठीच आहे : मूल कोणत्या वर्गात, त्याला काय येतं, हे त्यावर लिहिलेलं असतं आणि ते दाखवलं की दाखल करून घ्यायचं. कल्पना चांगली. पण टोळीचा फड बदलत राहतो, शाळा कोपीपासून लांब, आणि कर्नाटकात गेलेल्यांना शाळा कन्नड. शिवाय कार्ड घेऊन शाळेत जायला बापाला एक दिवस मोडावा लागतो. एक कोयता एक दिवस बसला तर काय होतं हे मुकादमाला विचारा. कारखान्यावरच्या साखरशाळा हा जुना मार्ग होता, पण शिक्षण हक्क कायदा आल्यावर तो मागे पडला.

तिसरा, गुरुजींचा वेगळा वर्ग. चौथा, काहीच न करता दरवर्षीसारखं चालू ठेवणं. हा पर्याय कुणी तोंडानं मांडला नाही, तरी टेबलावर तो कायम होता.

निवड शुद्ध झाली नाही. ज्यांच्या घरी कुणी आहे त्यांना वसतिगृह, जाणाऱ्यांना कार्ड, आणि वेगळ्या वर्गाऐवजी एक तोडगा : रोज सकाळी परिपाठानंतर 40 मिनिटं तिसरी ते पाचवीची सगळी मुलं, गावची आणि तांड्याची, वाचनाच्या पातळीप्रमाणे बसतील. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे चार गट. ऊसावरून आलेला म्हणून कुणी वेगळा नाही, ज्याला जे येतं तिथे तो. वाचनाचं गुरुजींचं, जागेचं माझं. दोघंही थोडे नाराज होतो, त्यावरून तोडगा बरा असावा.

काय केलं

*हजेरी.* जून 2023 पासून मी नंबर सोडून नावानं हजेरी घ्यायला लागले, आणि गेलेल्या मुलाचंही नाव रोज घ्यायचं ठरवलं. नाव घेतलं की वर्गानं सांगायचं : “ऊसाला गेलीय बाई, येणार हाय.” पहिले आठ दिवस पोरांनी याची थट्टा केली. कुणी म्हणे “विमानानं गेलाय”, कुणी “कोल्हापूरला पैलवान झालाय”. मी ओरडले नाही, कारण थट्टेतसुद्धा नाव घेतलं जात होतं. नंतर ती सवय झाली. त्यात माहितीही यायला लागली : “तिच्या टोळीचा ट्रॅक्टर पलटी झाला, पण कुणाला लागलं न्हाई.” ही बातमी मला शाळेत पोरांकडून कळली. पूर्वी कळली नसती.

*समितीची बैठक.* शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा आहे. आमच्या समितीत तांड्यावरच्या दोन बाया होत्या, अंगठ्यापुरत्या. सप्टेंबरची बैठक शाळेऐवजी तांड्यावर सेवालाल महाराजांच्या मंदिराच्या ओट्यावर घेतली. गावच्या सदस्यांतले दोघं आले नाहीत. तांड्यावरचे मात्र बैठकीला इतके जमले की सतरंजी कमी पडली. कोण जाणार, कोण राहणार, कुठल्या कारखान्याला, फोन कुणाचा, हे सगळं तिथे वहीत उतरवलं. 2023 चा ऑगस्ट कोरडा गेला होता, सोयाबीन हातचं गेलं होतं. दरवर्षी न जाणारी चार घरंही त्या साली उचल घेऊन बसली होती. वसतिगृहाची यादी आम्ही त्या रात्रीच केली.

*गट.* इथे ठिणगी पडली. गावातले एक पालक, समितीचेच सदस्य, शाळेत आले. “माझं पोरगं चौथीत हाय, त्याला तांड्यावरच्या पोरासंगं शब्द वाचायला कामून बसवलं?” मला बोलता येईना. गुरुजींनी त्यांना वर्गात नेलं, पोराच्या हातात चौथीचं पुस्तक दिलं आणि म्हणाले, “वाच बाळा, बापाला ऐकव.” पोरगं दुसऱ्या ओळीवर अडलं. गुरुजींनी लगेच पुस्तक काढून घेतलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि बापाला बाहेर नेऊन चहा पाजला. काय बोलले ते सांगितलं नाही. तक्रार पुन्हा आली नाही. पण मुलाला असं बापासमोर उभं करायला नको होतं हे माझं मत आजही आहे, आणि ते मी गुरुजींना सांगितलंही.

*खिचडी.* वाढपी हजेरीच्या क्रमानं जोडीजोडीनं ठेवले आणि बसायची ओळ वर्गाची केली. यावर कुणाला भाषण दिलं नाही. नळाजवळची भिंत महिनाभरात रिकामी झाली. गावातल्या एका मुलीनं काही दिवस घरून डबा आणला, मग तीही बसायला लागली.

*हिशोब.* हे ठरवून केलेलं नव्हतं. गुणाकाराच्या तासाला धाकली फळ्याकडे शून्य नजरेनं बघत होती. 35 गुणिले 3 तिला जमेना. मी सहज विचारलं, “समजा वाढ्याला शेकडा तीनशे भाव आहे, पस्तीस पेंढ्या विकल्या, किती आले?” तिनं वर बघितलंसुद्धा नाही. “एकशे पाच. पर एवढा भाव कोन देतं?” वर्ग हसला. पहिल्यांदा तिच्याबरोबर हसला. त्यानंतर दर बुधवारी तांड्यावरची मुलं वाढ्याचे आणि गावची मुलं दूध डेअरीचे हिशोब एकमेकांना घालायला लागली. लेखी मांडणी मात्र तिला पुढे बराच काळ जड गेली.

*फोन.* दिवाळीनंतर सहापैकी दोघं वसतिगृहाच्या जेवणावर मागे राहिली, चौघं गेली. गेलेल्यांच्या आईबापाच्या फोनवर मी आवाज रेकॉर्ड करून पाठ पाठवायला लागले. कविता, पाढे, वाचनासाठी पानाचा फोटो. तीन आठवडे एकाही संदेशावर निळी खूण उमटली नाही. फोन बापाकडे, बाप फडात, रात्री चार्जिंग नाही. मी वैतागून बंदच करणार होते. तेवढ्यात शाळेच्या व्हरांड्यात एका कुत्रीनं पिल्लं घातली. पोरांनी हट्टानं माझा फोन घेतला आणि धाकलीला निरोप पाठवला : “ए, आपल्या शाळेत पाच पिल्लं झालेत, एक डोळं उघडंना.” रात्री साडेदहाला उत्तर आलं. मागे कोपीतला कालवा, लहान भावाचं रडणं, आणि धाकलीचा आवाज : “त्यातलं एक माझ्यासाठी ठिवा. काळं आसंल तर काळं.” दुसऱ्या दिवशी खोक्यावर खडूनं तिचं नाव लिहिलेलं होतं.

त्यानंतर मी धडे पाठवणं बंद केलं. दर शनिवारी दोन मुलांनी शाळेतल्या बातम्या सांगायच्या, एवढंच. उत्तरं येत गेली. तिकडूनही बातम्या येत. त्यातलीच दोन-दोन वाक्यं मी फळ्यावर उतरवून अक्षर आणि शब्द गटांना वाचायला द्यायचे. मुलं पुस्तकापेक्षा ती लवकर वाचत.

काय झालं

धाकली पाडव्यानंतर चौथ्या दिवशी शाळेत आली. आधी व्हरांड्यात जाऊन पिल्लाची चौकशी केली. पिल्लू तोवर मोठं होऊन गावभर उंडारत होतं, त्यानं तिला ओळखलंही नाही. मग वर्गात आली. हजेरीला तिचं नाव घेतलं तेव्हा वर्ग सवयीनं “ऊसाला गेलीय” म्हणून गेला आणि ती ओरडली, “आलेय की!”

वाचनाचं सांगायचं तर, ऑगस्ट 2023 मध्ये ती शब्द गटात होती, परतली तेव्हाही शब्द गटातच होती. फरक इतकाच की आधीच्या वर्षी ती परतताना दोन पायऱ्या खाली गेली होती, या वेळी तिथेच टिकली. एप्रिलअखेर परिच्छेद वाचू लागली. तो महिना निवडणुकीच्या प्रशिक्षणानं कुरतडलेला होता, तरीही. आज पाचवीत ती गोष्ट वाचते. लिहिताना र्‍हस्व-दीर्घ सोडा, मात्राही खातात तिची वाक्यं.

वसतिगृहावर राहिलेल्या दोघांचं शिकणं जाणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे गेलं. हे मान्य केलं पाहिजे, कारण माझ्या बाजूनं लिहिताना ते झाकून टाकणं सोपं आहे. वर्गात जागा राखून ठेवल्यानं शंभर दिवसांचा खड्डा भरत नाही.

गेलेल्या चौघांपैकी एकालाच तिकडच्या शाळेत प्रवेश मिळाला. त्यांच्या टोळीचा अड्डा हंगामभर एकाच जागी होता आणि शाळा शेजारी होती. तिथल्या शिक्षकांनी हमी कार्ड बघून लगेच बसवून घेतलं. बाकी कार्डं पुन्हा रेशनकार्डाच्या घडीत परत आली.

चौघांतली तिघं पाडव्यानंतरच्या दोन आठवड्यांत शाळेत आली. चौथा आला नाही.

कुठे चुकलो

हा चौथा मुलगा वर्गातला सगळ्यात चांगला वाचणारा. ऑगस्टच्या चाचणीत तांड्यावरच्या मुलांतला तोच एकटा गोष्ट गटात होता. म्हणून त्याची काळजी कुणालाच वाटली नाही. गुरुजींच्या हिशोबानं तर त्याचा प्रश्न सुटलेलाच होता. त्याच्या वडिलांचा फोन लागत नसे. शनिवारच्या बातम्या तीन मुलांना जायच्या, त्याला नाही. मी मुकादमाचा नंबर मिळवून त्याच्याकरवी निरोप देऊ शकले असते. धाकलीसाठी मी तांड्यावर चार वेळा गेले, त्याच्या घरी एकदाही नाही. हुशार मूल स्वतःचं बघून घेईल, असं आम्ही न बोलता धरून चाललो. त्याचं नाव मात्र रोज न चुकता घेत होतो. नुसतं नाव घेऊन भागत नाही, त्या नावापर्यंत काहीतरी पोचावं लागतं.

दुसरी चूक भाषेची. याडीची गोष्ट जूनमध्येच समोर आली होती, पण पहिलीच्या भिंतीवर गोरमाटी शब्दांचा तक्ता लागायला फेब्रुवारी उजाडला. तोवर तांड्यावरची बरीचशी मुलं निघून गेलेली होती. तक्ता जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात लागायला हवा, आणि तो मुलांच्या आयांकडून करून घ्यायला हवा. आम्ही केलेल्या तक्त्यात भाकरीला ‘बाटी’ एवढं बरोबर होतं, बाकी दोन शब्द मुलांनीच दुरुस्त केले.

तिसरी, परतीची तयारी. कोण केव्हा येणार हे आईबापाला साधारण पंधरा दिवस आधी कळलेलं असतं. आम्ही ते विचारलंच नाही. आता फेब्रुवारीअखेर फोन करून विचारतो आणि मूल येण्याआधी त्याची जागा, वह्या आणि गटातला जोडीदार ठरवून ठेवतो. एवढं केल्यानं पहिला दिवस सरळ जातो.

चौथी चूक की नाही हे अजून ठरलेलं नाही. हे सगळं तीन माणसांच्या सवयीवर उभं होतं. गुरुजी मे 2024 मध्ये निवृत्त झाले. तरुण सर बदलीच्या यादीत आहेत. समितीच्या इतिवृत्तात तांड्यावरची बैठक आणि फेब्रुवारीचे फोन नोंदवून ठेवले आहेत. इतिवृत्त पुढचा माणूस वाचेलच असं नाही.

सध्या

यंदा, म्हणजे 2024-25 मध्ये, चौथी-पाचवी माझ्याकडे आहे. दिवाळीनंतर धाकली पुन्हा गेली, तिच्या आईनं या वेळी स्वतः येऊन सांगितलं आणि नवा फोन नंबर वहीत लिहवून घेतला. पहिल्याच शनिवारी धाकलीनं कुत्र्याची चौकशी केली.

तो मुलगा कर्नाटकात आहे असं तांड्यावर सांगतात. वडील आजारी पडले, आईबरोबर कोयत्याला जोड हवी होती, उचल फिटली नाही. शालाबाह्य मुलांच्या यादीत त्याचं नाव दिलं आहे, मुकादमाशी दोनदा बोलणं झालं, तिसऱ्यांदा त्यानं फोन उचलला नाही. पाचवीच्या पटावर त्याचं नाव आहे. हजेरीला मी ते घेते. इतरांच्या वेळी पोरं एका सुरात “ऊसाला” म्हणतात, “येणार हाय” म्हणतात. त्याचं नाव आलं की वर्ग माझ्याकडे बघतो. मी थोडं थांबते आणि पुढचं नाव घेते.